११२ चा अनुभव, रंकाळ्याजवळ, पोरांच्या भांडणावेळचा

११२ ला, म्हणजे पोलिसांच्या मदतीच्या नंबरला, फोन केला तर खरंच कोण येतं का असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. आमच्या गल्लीच्या तोंडाला रात्री बाराला बर्थडे, गाडीच्या सीटवर केक, पोरं सगळी अकरावी-बारावीतली आणि सोबत दारू. तासाभरात केक राहिला बाजूला, कोण कुणाला काय बोललं त्यावरनं जुंपली आणि एकानं बाटली कठड्यावर आपटून दुसऱ्याच्या कानामागं मारली. रक्त बघून पण थांबंनात हो पोरं! शेजारी खिडक्या लावून घ्यायलेत, कशाला त्या भानगडीत म्हणून. मी ११२ लावला.

एक माहीत असू द्या, फोन थेट कोल्हापुरात लागत नाही, नवी मुंबई नाहीतर नागपूरच्या सेंटरला लागतो, तिथनं आपल्या जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला आणि मग जवळच्या गाडीला. त्यामुळं नुसतं 'तळ्याजवळ या' म्हणून भागत नाही, कोल्हापूर, रंकाळा, कुठली बाजू, जवळचं देऊळ नाहीतर दुकान सगळं सांगायचं. गाडीतनं परत फोन येतो, तो उचलायचा. आमच्याकडं गाडी लवकर आली आणि फोन कुणी केला हे पोरांपुढं काढलं नाही, हे मला लई बरं वाटलं.

हवालदारांनी काठी उगारली नाही. आधी त्या पोराच्या कानाला रुमाल दाबून धरला, त्याला सीपीआर हॉस्पिटलला पाठवलं, मग बाकीच्यांना एकेक करून बाजूला घेऊन वय आणि वडिलांचा नंबर विचारला. गल्लीत सकाळी चर्चा हीच की चार फटके देऊन लॉकअपमध्ये टाकायला पाहिजे होतं. पण १८ च्या आतल्या पोराला लॉकअपमध्ये ठेवताच येत नाही, २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, ताब्यात घेतलं तर २४ तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं आणि ठाण्यात त्यासाठी बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो. त्यातलं एक पोरगं आमच्या शेजारचं, त्याची आई सांगत होती की दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यातल्या मॅडमनी पोरांना आईबापासोबत बसवलं आणि पहिला प्रश्न केला, बाटली आणली कुठनं? पोरगं म्हणालं, काउंटरवरनं, कुणी काय विचारलंच नाही.

राग मला इथं येतो. आपल्याकडं बिअरला २१ आणि हार्ड दारूला २५ वय लागतं, आणि १८ च्या आतल्या पोराला दारू दिली तर बाल न्याय कायद्याच्याच कलम ७७ खाली ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. पुण्यात मे २०२४ ला १७ वर्षांच्या पोरानं पोर्शे घालून दोघांचा जीव घेतला तेव्हा त्याला दारू देणाऱ्या बारवाल्यांना पण अटक झाली होती. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. मग हे कोण मेल्यावरच का व्हावं? इथं पोराच्या कानामागं टाके आहेत, बाकीच्यांचे आईबाप ठाण्यात मान खाली घालून बसले आणि दुकान दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं चालू.

तर ११२ ला माझ्याकडनं पाच स्टार, घाबरू नका, फोन करा. दुकानाचं नाव इथं लिहीत नाही, राज्य उत्पादन शुल्ककडं द्यायला लेखी तक्रार तयार केलीय. गल्लीतलं कोण वाचत असेल तर सही करायला या, अर्ज माझ्याकडंच आहे.