आईच्या घरातला वायफाय कॅमेरा: नऊ महिने वापरल्यानंतर

आई कराडला एकटी राहते, वय ७६. गेल्या वर्षी बाथरूममध्ये घसरून पडली आणि शेजारच्या काकूंना कळेपर्यंत तासभर तशीच होती. त्यानंतर मी पुण्याहून येऊन हॉलमध्ये कॅमेरा बसवून घेतला. फिरणारा, अंधारात दिसणारा, त्यातून बोलताही येतं. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला जे सांगायचंय ते अशा बऱ्याच कॅमेऱ्यांना लागू आहे.

चित्र स्वच्छ आहे. ६४ जीबीच्या कार्डावर साधारण आठवडाभराचं रेकॉर्डिंग राहतं. लाइट गेली की राउटर बंद पडायचा, म्हणून त्याला छोटा यूपीएस लावला. एकदा आईची बीपीची गोळी राहिलेली मला इथून दिसली आणि कॅमेऱ्यातूनच हाक मारली. त्या दिवशी फार हायसं वाटलं होतं.

पाचव्या महिन्यात भाऊ म्हणाला, मलाही ॲपमध्ये जोड. जोडायचं बटणच सापडेना. सेटिंगमध्ये शोधता शोधता कळलं की मी मालक नव्हतेच. माझ्या नावापुढे ‘शेअर्ड युजर’ आणि वर ‘ओनर’ म्हणून एक अर्धवट झाकलेला नंबर. शेवटचे आकडे फोनमधल्या नंबरांशी ताडून पाहिले, तर तो कॅमेरा बसवून गेलेल्या मुलाचा निघाला. त्याने स्वतःच्या मोबाइलवर कॅमेरा जोडला होता आणि मला फक्त बघायची परवानगी दिली होती. आईचं बोलणं, तिची दुपारची झोप, सगळं पाच महिने त्याला हवं तेव्हा बघता येत होतं. फोन लावताना माझे हात थरथरत होते. तो अगदी सहज म्हणाला, “ताई, सगळ्यांचं असंच करतो. पासवर्ड विसरले की मलाच फोन येतो.” त्याने काही पाहिलं असा माझा आरोप नाही. पण पाहिलं असतं, तरी मला कधीच कळलं नसतं.

२०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहात बायकांच्या तपासणीचं सीसीटीव्ही चित्रण टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातलेही होते. ती बातमी मी वाचली होती आणि पान उलटलं होतं.

नुसतं रिसेट करून भागलं नाही. त्याच्या ॲपमधून निघाल्याशिवाय कॅमेरा माझ्या खात्यात येईना. शेवटी त्याला घरी बोलावून माझ्यासमोर काढायला लावला. मग नवा पासवर्ड, लॉगिनला ओटीपी, माइक बंद, ॲपची लोकेशनची परवानगी बंद. तुमच्याकडे कॅमेरा असेल तर आज एवढं तरी बघा, की ‘ओनर’ कोण आहे.

हे सगळं करताना कार्डावरचं रेकॉर्डिंग पाहत बसले आणि वेगळंच काही दिसलं. आई पूर्वी हॉलमधल्या पलंगावर बसून केस विंचरायची. आता फणी घेऊन स्वयंपाकघरात जाते. कॅमेरा फिरताना घर्र आवाज होतो, त्या आवाजासरशी तिचा हात पदराकडे जातो. विचारलं तर म्हणाली, “तू बघत असतेस ना, मग पाय पसरून बसायला बरं नाही वाटत.” भांडीवाल्या मावशीही कॅमेऱ्यात न येणाऱ्या कोपऱ्यात बसून चहा घेत होत्या. दोघींनाही मी कधी विचारलंच नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा मात्र घरगुती वापराला लागूच होत नाही. म्हणजे मावशींना विचारायचं काम माझंच होतं. मी दोघींचीही माफी मागितली.

आता बाथरूममध्ये वायरलेस बेल आहे, ती काकूंच्या घरात वाजते. कॅमेरा पलंगावरून हलवून दाराकडे वळवला आहे. मावशी आल्या की आणि रात्री नऊनंतर आई त्यावर रुमाल टाकते. सकाळी सातच्या सुमारास रुमाल निघतो, तेव्हा मला कळतं, आई उठली.