संगणक-मोबाइलच्या जुन्या बोर्डांतले सोने: आम्लात, भट्टीत की विक्रीला?

पद्धत नंतर ठरवा, आधी माल निवडा. रॅमच्या आणि कार्डांच्या कडेच्या सोनेरी पट्ट्यांवरचा मुलामा साधारण ०.७५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, म्हणजे चौरस सेंटीमीटरला जेमतेम दीड मिलिग्रॅम सोने. बोर्डावर इतरत्र दिसणारी सोनेरी झाक बहुधा ०.०५ ते ०.१ मायक्रॉनची, तिथे त्याच जागेत फार तर ०.२ मिलिग्रॅम. दोन्ही एकाच बादलीत गेले की आम्लाचाही खर्च निघत नाही.

कापलेल्या पट्ट्यांसाठी क्युप्रिक क्लोराइडची पद्धत सर्वांत बरी. ३२ टक्क्यांचे हायड्रोक्लोरिक आम्ल दोन भाग, ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड एक भाग. द्रावण हिरवे झाले, म्हणजे तांब्याचे क्युप्रिक क्लोराइड तयार झाले, की पेरॉक्साइड थांबवा आणि फिशटँकच्या पंपाने हवा सोडत राहा. खालचे तांबे आणि निकेल विरघळते, सोन्याचे पापुद्रे सुटतात. काही दिवस ते आठवडा लागतो. पेरॉक्साइड जास्त पडले तर थोडे सोनेही विरघळते, पण तांबे शिल्लक असेल तर ते काळी पूड होऊन परत खाली बसते. ती पूड घाण समजून फेकू नका.

नायट्रिक आम्ल हेच काम काही तासांत करते. मात्र एक किलो तांब्याला ६८ टक्क्यांचे तीन-चार लिटर आम्ल लागते, आणि तपकिरी धूर फुप्फुसांवर कधी कधी कित्येक तासांनी उलटतो. डाख (सोल्डर) लागलेला माल त्यात घातला तर कथिलाचा पांढरा चिकट साका होतो, गाळणकागद बुजतो, सोने त्यात अडकते.

आम्लराज, म्हणजे सोने विरघळवणारे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचे मिश्रण, फक्त सुटे झालेले पापुद्रे शुद्ध करण्यासाठी. नायट्रिक उरले असेल तर सोडियम मेटाबायसल्फाइटने खाली बसवलेले सोने पुन्हा विरघळते, म्हणून आधी सल्फॅमिक आम्लाने ते संपवा. द्रावण ओतून टाकण्यापूर्वी स्टॅनस क्लोराइडचा थेंब टाकून बघा. जांभळा रंग आला तर सोने अजून आतच आहे.

अख्खे बोर्ड मात्र तांबे वितळवणाऱ्या मोठ्या भट्टीकडेच जावेत, बेल्जियममधल्या होबोकेनसारख्या. तिथे सोने, चांदी आणि कपॅसिटरमधले पॅलेडियम (हाही मौल्यवान धातू) तांब्याबरोबर गोळा होते. आम्लाच्या बादलीत पॅलेडियम बहुतेक वेळा वाहून जाते.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पुनर्चक्रणासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी लागते. बंदिस्त धूरशोषक, धूर धुणारा स्क्रबर आणि तळोजा किंवा रांजणगावसारख्या घातक कचरा केंद्रात गाळ पाठवण्याची सोय नसेल, तर आम्लाला हात लावू नये.

नोंदणी नसलेल्या भंगार व्यापाऱ्याने पट्ट्या, प्रोसेसर, मोबाइलचे बोर्ड आणि हलक्या प्रतीचे बोर्ड वेगवेगळे ठेवून नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याला विकावेत. माल मोठा असेल तर भाव नुसत्या वजनावर नको, दळलेल्या नमुन्याच्या तपासणीवर ठरवा, आणि नमुन्याचा अर्धा भाग सीलबंद करून स्वतःकडे ठेवा.