काका, तिन्ही एकदम लावा

एकतीस वर्षं बेस्टमध्ये कंडक्टरकी केली. उभं राहून राहून पाय गेले असं घरचे म्हणायचे, पण माझं दुखणं उभं राहण्याचं नव्हतं, साखरेचं होतं. रात्री अंथरुणाला पाठ लागली की तळव्यांखाली निखारे, बोटांत मुंग्या, पायावर चादरसुद्धा नको वाटायची. इस्पितळातल्या गोळीने झोप यायची, पण दुखणं निम्मंच उतरायचं. असा माणूस गळाला लागायला वेळ लागत नाही.

लालबागला आमच्या चाळीजवळच्या हॉलमध्ये ‘मोफत थेरपी’ सुरू झाली. सकाळी आठपासून नंबर लागायचे. चाळीस मिनिटं गरम गादीवर पडायचं, पैसा एक नाही. तिथली मुलं प्रत्येकाला ओळखून. ‘काका, चहा झाला का?’ ‘काकू, गुडघा काय म्हणतो?’ पोटची पोरं इतकं विचारत नाहीत. गादीत कॉइल आहेत, त्यांच्या चुंबकीय लहरींनी नसा ‘चार्ज’ होतात, असं सांगायची.

आधी तपासणी झाली. हातात धातूची दांडी धरायची, मिनिटभरात लॅपटॉपमधून रिपोर्ट. आमच्या मंडळींचाही काढला. तिच्या रिपोर्टात प्रोस्टेट ‘किंचित वाढलेली’! मुलगा हसला, ‘काकू, चुकून मेल टिक झालं’, आणि दुसरा कागद काढून दिला. दांडी तेव्हा टेबलावरच पडून होती. तिथेच उठायला हवं होतं. उठलो नाही, कारण गादीवर कंबर मोकळी व्हायची. तो नुसता शेक होता हे आता कळतं.

महिन्याभराने गादी घेतली, ६४,०००. ‘अमेरिकन सरकारची मान्यता’ असलेलं तंत्र म्हणाले. मान्यता खरी आहे. १९७९ साली तिथल्या औषध प्रशासनाने अशा चुंबकीय लहरींचं उपकरण मंजूर केलं, पण ते न जुळणाऱ्या मोडक्या हाडांसाठी. माझी हाडं शाबूत होती हो.

तीन आठवडे झाले, पाय तसेच. फोन केला तर मुलगा म्हणाला, ‘गादी एकटी मुळापर्यंत पोचत नाही काका, कमरेला चुंबकाचा पट्टा लागेल.’ १८,५००. मग पट्टाही ‘अर्धंच काम’ करायला लागला, म्हणून पॅड चिकटवून करंट देणारं टेन्स मशीन, ९,८००. तसलंच मशीन पुढे प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानात १,६०० ला पाहिलं. गुण न येणं हीच त्यांची दुकानदारी. पहिलं यंत्र फसलं की दुसरं खपतं, आणि आपण मागचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पुढचे घालतो. एकूण ९२,३००. तिन्ही कसं लावायचं हे विचारलं, तर व्हॉट्सअॅपवर आवाज पाठवला : ‘काका, तिन्ही एकदम लावा, कॉम्बिनेशनमध्ये पॉवर आहे.’

एका रात्री तसं केलं. पॅड पावलांवर, पट्टा कमरेला, खाली गादी फुल्लवर. टाचा गादीवरच. जरा आग कमी वाटली आणि डोळा लागला. सकाळी हिने मोजा ओढला आणि ओरडलीच. डाव्या टाचेच्या कडेला रुपयाएवढा फोड, फुटलेला, मोजा त्याला चिकटलेला. मला काहीच कळलं नव्हतं. पाय जळतो असं रोज म्हणणाऱ्या माणसाचा पाय खरोखर भाजला आणि त्याला पत्ता नाही.

पालिकेच्या इस्पितळात डॉक्टरांनी नायलॉनचा एक बारीक धागा टाचेला टेकवला, वाकेपर्यंत दाबला. ‘लागतंय?’ नाही. बोटांशी? नाही. दहा ग्रॅमचा दाब असतो तो. जिथे तो कळत नाही, तिथे शेक आणि करंट दोन्हींना बंदी, हे पहिल्या दिवशी दोन मिनिटांत कळलं असतं. अकरा वर्षं साखरेची मेटफॉर्मिन गोळी घेतोय म्हटल्यावर त्यांनी नसांना लागणारं बी-१२ जीवनसत्त्व तपासलं. कमी निघालं. त्या गोळीने कमी होऊ शकतं. आता त्याची इंजेक्शनं चालू आहेत. जखम भरायला अडीच महिने गेले.

तिथल्या फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, टेन्स म्हणजे थोतांड नव्हे. मेलझॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं होतं की लागलेल्या जागी चोळल्यावर जसं दुखणं दबतं, तशी दुसरी संवेदना मज्जारज्जूतलं दुखण्याचं दार थोडं लोटते. टेन्सच्या करंटनेही दार लोटतं एवढंच, बिघडलेली नस त्याने दुरुस्त होत नाही. आणि पेसमेकर असलेल्याला टेन्स, चुंबक दोन्ही डॉक्टरला विचारल्याशिवाय नाहीच. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ पेसमेकर घेऊन दोन महिने त्याच गादीवर पडत होते. कोणी विचारलंच नव्हतं. घरी आलो तो आधी त्यांचं दार ठोठावलं.

खोकी काढून पाहिली. २०१७ च्या नियमांप्रमाणे वैद्यकीय उपकरणावर परवाना क्रमांक, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता लागतो. इथे फक्त ‘वेलनेस’. बिलावर काय होतं? ‘गादी, १ नग’. हॉल तोवर रिकामा झाला होता, फोन बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायला हवं. ज्यांची बिलं कपाटात आहेत त्यांनी तारीख बघून घ्या.

त्यांचं लेखी उत्तर आलंय : कंपनीने गादी विकली, उपचार नव्हे, ग्राहकाने तिन्ही वस्तू एकत्र वापरल्या त्या स्वतःच्या मनाने. तो आवाज मी मोबाइलमध्ये, मुलाच्या लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर असा तीन ठिकाणी ठेवलाय. बावीस सेकंदांचा आहे.