अचलपूरचं बायंडिंगचं दुकान आणि वडिलांचं पवित्र शास्त्र

वडिलांच्या पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, पाठ सुटली होती, स्तोत्रसंहितेची पानं हातात येत होती. अंजनगावात कुणी काम घेईना, म्हणून एसटीनं अचलपूर गाठलं. जुन्या वस्तीत एका मुसलमान चाचांचं छोटं दुकान आहे.

आधी कामाचं सांगतो. पिना मारल्या नाहीत, जुजबंदी केली. एकेक जुज, म्हणजे घडीच्या पानांचा जुडगा, दोऱ्यानं शिवून मग पुठ्ठा चढवला. खळीत मोरचूद घालतात, कसर लागत नाही. वडिलांनी समासात पेन्सिलीनं पार कडेपर्यंत लिहून ठेवलंय. ते पाहून चाचांनी कडा कापल्याच नाहीत. "बापाचं अक्षर हाय, थे कापू काय?" आता पुस्तक कुठंही उघडा, सपाट पडतं. ३५० रुपये झाले. मात्र आठ दिवस सांगून एकवीस लावले आणि पाठीवरची सोनेरी अक्षरं तिरपी बसली. मला ते खटकलं, त्यांना तसं सांगितलंही.

पहिली फेरी फुकट गेली. दुसऱ्या खेपेला पुस्तक अजून सुईवरच होतं, म्हणून तिथंच बाकड्यावर बसलो. शिवलेला जुज ते जमिनीवर नाही, पाटावर ठेवत होते. समोर लूकचा पहिला अध्याय आला.

"जखऱ्या म्हणजे आमचे झकरियाच नं, भाऊ?"

मी वाचून दाखवलं. म्हातारपणी मुलगा होईल हे देवदूताचं बोलणं जखऱ्यानं खरं मानलं नाही म्हणून त्याची वाचा गेली, ती पाटीवर मुलाचं नाव 'योहान' लिहीपर्यंत परतली नाही. चाचा म्हणाले, कुराणात मरियमच्या सूरेत, म्हणजे अध्यायात, झकरिया तीन रात्री बोलत नाहीत, आणि ती अल्लानं दिलेली खूण आहे. आमची मरीया बाळाला गव्हाणीत निजवते. त्यांच्या मरियमला खजुराच्या झाडाखाली कळा येतात. त्या माउलीवरच अर्धा तास गेला.

मग वधस्तंभ निघाला. ईसांना, म्हणजे येशूला, सुळावर दिलंच नाही, हा त्यांचा ईमान. मी म्हणालो, चाचा, माझी सगळी आशा तिथंच आहे, ते बाजूला ठेवून मला बोलता येणार नाही.

"मंग सांगा नं, काहून."

सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं, मान्य केलं नाही.

मागे एका शिबिरात मुसलमानांना कोणत्या प्रश्नात अडकवायचं ते शिकवलं होतं. मी वहीभर टिपणं घेतली होती. त्यातला एकही प्रश्न तिथं तोंडात आला नाही. येशूचा शिष्य पेत्र आपल्या पत्रात आशेविषयी उत्तर द्यायला सांगतो, पण सौम्यतेनं. कॅथलिक मंडळीनं १९६५ सालीच 'नोस्त्रा एताते' या जाहीरनाम्यात लिहिलंय की मुसलमान येशूला देव मानत नसले तरी संदेष्टा मानतात, मरीयेचा मान राखतात. जुनी भांडणं विसरा, एकमेकांना समजून घ्या, असंही त्यात आहे. मी प्रोटेस्टंट, पण त्या बाकड्यावर ते मला मनापासून पटलं.

घाई असेल तर तिथं देऊ नका, जुनं जपायचं असेल तर तिथंच द्या. शुक्रवारी दुपारी दुकान बंद असतं. पुढच्या महिन्यात मंडळीचं गीतपुस्तक घेऊन जातोय. लूकचा पुढचा भाग ऐकायचाय असं चाचांनी सांगून ठेवलंय.