दोन लायनींचं रील आणि त्याची ती खाच

माझं मॉडेल विमान कंट्रोल लाइनचं, म्हणजे हातातल्या हँडलपासून गेलेल्या दोन पोलादी तारांवर (लायनींवर) माझ्याभोवती गोल उडणारं; एक लाइन त्याला वर नेते (अप), दुसरी खाली (डाऊन). उडवण्याआधी लायनी जोरात ओढून बघायच्या, त्या पुल टेस्टला अपची लाइन तुटली. मॉडेल जमिनीवरच होतं, म्हणून पंखापासून इंजिनापर्यंत सगळं शाबूत आहे. तुटली कुठे, तर मॉडेलकडच्या टोकापासून चार बोटांवर. बरोबर तिथेच, जिथे ती रीलच्या खाचेत दाबून बसवावी लागते. 60 फुटी, 0.015 इंची, सातपदरी स्टेनलेस. बाकीची लाइन नव्यासारखी. तेव्हा पुढचं सगळं जरा तापलेल्या डोक्याने लिहिलंय, हे धरूनच वाचा.

रील मागवलं पावसाळा संपता संपता. साडेआठशे रुपये, कुरियरचे वेगळे. प्लास्टिकच्या चकतीला एवढे मोजायचं जिवावर आलं होतं, पण तोवर माझ्या लायनी संक्रांतीच्या फिरकीवर गुंडाळलेल्या असायच्या आणि त्याचे भोग भोगून झाले होते. फिरकीचा दांडा मांजाला ठीक आहे. पोलादी तार तेवढ्या लहान वेढ्यात महिनाभर राहिली की तिला वळ बसतो, मग ती सरळ व्हायचं नावच घेत नाही. ताण असेपर्यंत कळत नाही. मॉडेल डोक्यावर आलं, ओढ कमी झाली, की लाइन स्प्रिंगसारखी आखडते. दोन्हींपैकी एक जास्त आखडली तर न्यूट्रलच (हँडलच्या ज्या स्थितीत मॉडेल सरळ उडतं ती) सरकतो.

या रीलचा मधला गाभा 12 सेंटिमीटरचा आहे. हा मात्र त्यांनी विचार करून दिलाय. एवढे महिने गुंडाळून ठेवूनही उलगडल्यावर लाइन मैदानावर सरळ पडते. दोन्ही लायनी शेजारी शेजारी एकाच वेळी गुंडाळता येतील इतकी जागाही आहे. या एका गोष्टीला पैकीच्या पैकी.

फिरवायला दांडी नाही, यावरून सुरुवातीला मी भरपूर शिव्या घातल्या. साडेआठशे रुपयांत एक दांडी बसवता येत नाही का? आता मत बदललंय. दांडी असली की माणूस घाईने गरागरा फिरवतो, लाइन मैदानावरून फरफटत येते आणि सोबत वाळू, कुसळं सगळं घेऊन येते. हाताने फिरवायचं म्हटलं की आपण आपोआप लाइनच्या दिशेने चालत जातो. एका हातात रील, दुसऱ्या हातात फडकं, लाइन त्या फडक्यातून सरकत येते. पुसणं आणि गुंडाळणं एकाच फेरीत उरकतं. ताणही बेताचा राहतो. हे महत्त्वाचं, कारण घट्ट आवळलेल्या पन्नासएक वेढ्यांचा दाब गाभ्यावर साठत जातो. सोलापूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलं तर प्लास्टिक काय करेल, सांगता येत नाही. माझ्या रीलची वरची कड थोडी वाकली आहेच. गाभा अजून गोल आहे.

फडक्याला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावा. या छोट्या इंजिनांच्या ग्लो इंधनातलं एरंडेल लाइनवर उडतं, सुकून चिकट होतं, आणि मग दोन-तीन लूप (हवेतल्या उभ्या गिरक्या) मारून लायनी एकमेकींभोवती वळल्या की त्या एकमेकींवरून सरकेनाशा होतात. हँडल जड लागतं. रॉकेल घरात पडलेलं असतं म्हणून बरेच जण तेच वापरतात. एरंडेल रॉकेलने नीट सुटत नाही, अल्कोहोलने सुटतं. पुसून झाल्यावर वर तेलाचा हात मात्र फिरवू नका, धूळ धरते.

आता पिळाबद्दल. आमच्याकडे एनसीसीच्या एअर विंगमधला एक मुलगा येतो. त्याने एकदा रील जमिनीवर आडवं ठेवलं आणि वरच्या वर एकेक वेटोळं उचलून लाइन काढायला लागला. मी ओरडलो तर म्हणतो, "काका, असं पटकन निघतं." निघतं ना! पण प्रत्येक वेटोळ्यामागे लाइनला एक पूर्ण पीळ पडतो. 60 फूट म्हणजे या गाभ्यावर 48 वेढे, म्हणजे 48 पीळ, आणि इंजिन चालू व्हायच्या आधीच दोन्ही लायनी एकमेकींना विळखा घालून बसलेल्या. नियम एकच: रील फिरलं पाहिजे, लाइन नाही. जशी चढवली तशीच उतरवायची. पीळ पडलेली लाइन सैल सुटली की तिचा छोटा फास होतो, आणि तो कुणी बोटाने सोडवायच्या आधीच ओढला की किंक, म्हणजे तारेला कायमची मोड. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही जळत नाही. किंक पक्कडीने सरळ केलेली लाइन मी उडवायला घेत नाही, कुणी फुकट दिली तरी.

(कंट्रोल लाइनच्या सुरुवातीच्या काळातल्या अमेरिकेच्या जिम वॉकरने पूर्वी हँडलमध्येच रील बसवलेलं 'यू-रीली' विकलं होतं. मॉडेल हवेत असताना लाइन सोडता आणि आवळता यायची. इथे आम्हाला जमिनीवर उभं राहून एक टोक धड अडकवता येत नाही.)

तर, ती खाच. हँडलकडचं टोक मैदानावर आधी हाती यावं म्हणून ते सर्वांत वर ठेवायचं, म्हणजे मॉडेलकडची टोकं, क्लिपांसकट, सर्वांत आत. त्यांच्यासाठी गाभ्याला एक चीर दिली आहे. क्लिपा आत टाकायच्या, लाइन चिरेतून बाहेर काढायची आणि लगेच काटकोनात वळवून गुंडाळायला लागायचं. त्या वळणाची कड पाहा. नखाने चाचपली तर साच्यातून निघालेलं प्लास्टिकचं पातं तसंच राहिलेलं लागतं. 12 सेंटिमीटरचा गाभा देऊन तारेची एवढी काळजी घेतली, आणि दर वेळी तिला त्याच जागी, एका मिलिमीटरच्या कडेवर मोडायला लावलं! पोलाद एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकलं की एकेक पदर जातो. वरून काही दिसत नाही. जुनं मऊ सुती फडकं लाइनवरून हलक्या हाताने फिरवलं तर तुटक्या पदराला त्याचा धागा अडकतो, तेवढीच खूण. माझी डाऊनची लाइन त्याच जागी अडकली. म्हणजे तीही रांगेत होतीच.

मॉडेल 1.2 किलोचं. स्टंटच्या, म्हणजे कसरतीच्या मॉडेलला वजनाच्या 10 पट ओढ देऊन बघतात, म्हणजे 12 किलो. 5.2 सेकंदांच्या लॅपला (एका फेरीला) सरळ उडताना हवेतली ओढ साडेतीन किलोच्या आसपास असते. म्हणजे टेस्ट टाळली असती तर कदाचित तेवढी फ्लाइट निघूनही गेली असती, आणि कधीतरी भलत्याच दिवशी सुटलं असतं. दर सत्राआधी टेस्ट कशाला, असं विचारणारे आमच्या मैदानावरही आहेत.

विक्रेत्याला फोटो पाठवले, खाचेचा जवळून काढलेलासुद्धा. उत्तर आलं: लाइन आम्ही विकलेली नाही आणि रील तर तुटलेलं नाही. तर्काला तोड नाही! मी पुन्हा लिहिलं, त्यावर पुढच्या खरेदीवर 10 टक्के सवलतीचं कूपन आलं. त्यांच्याकडून पुढे काय घेऊ, दुसरी खाच?

शेवटी गोल कानशीने कड घासली, वर बारीक पॉलिश पेपर मारला. वीस मिनिटांचं काम. शिवाय आता लाइन चिरेत घालतच नाही. गाभ्याच्या आतल्या बाजूला शिवणाच्या जाड दोऱ्याचे दोन फास बांधलेत, क्लिपा त्यांना अडकवतो आणि चिरेतून फक्त दोरा बाहेर येतो. दोरा तुटला तर तुटू दे, दोन रुपयांचा आहे. हे त्यांनीच करून दिलं असतं तर मी हे रील दहा जणांना घ्यायला लावलं असतं.

ठेवण्याबद्दल थोडंसं. डबा कोरडा, त्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या, रीलवर दुसरं काही नाही. लाइन स्टेनलेस असली तरी टोकाला अॅसिडचं फ्लक्स वापरून डाग दिला असेल तर तिथे गंज धरतो. मी डाग न देता पितळी आयलेटभोवती (टोकाच्या छोट्या कडीभोवती) तांब्याची बारीक तार गुंडाळतो. रीलवर चिकटपट्टी लावून लांबी, जाडी आणि कुठल्या मॉडेलचा जोड ते लिहिलंय. हँडलकडे अपच्या टोकाला लाल टेप.

घ्यावं का? घरात कानस असेल तर घ्या, गाभ्यासाठी. नसेल तर सुताराकडून प्लायचे तुकडे आणून 15 सेंटिमीटरचा गाभा आणि दोन चकत्या कापून घ्या, मी दुसऱ्या जोडासाठी तेच करतोय. पाचपैकी तीन तारे. आधी दोनच देणार होतो.

तुटलेला जोड टाकलेला नाही. दोन्ही लायनी अर्धा फूट कापल्या, उरलेली लांबी फडक्याने तपासली, टोकं नव्याने बांधली आणि 12 किलोला पुन्हा ओढून बघितली. साडेएकोणसाठ फुटांवर लॅप किंचित लवकर होतो, एवढंच.