क्लाउडवरील अहवालांत टाइम झोनचे रूपांतर कुठे करावे?

न्यूयॉर्कमध्ये ३१ मार्चच्या रात्री साडेनऊला झालेली विक्री यूटीसीनुसार, म्हणजे जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या वेळेनुसार, १ एप्रिलच्या पहाटे दीडची ठरते. रूपांतर राहून गेले, तर ही विक्री थेट पुढच्या तिमाहीत जाऊन बसते, आणि वर्षाची एकूण बेरीज जुळत असल्यामुळे ही गफलत सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. वेळ यूटीसीमध्ये साठवावी, याबद्दल फारसे दुमत नाही. स्थानिक वेळेत रूपांतर अहवालाच्या साधनात करायचे, क्वेरी (डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी) चालताना डेटाबेसमध्ये करायचे, की डेटा भरतानाच करून ठेवायचे, हे मात्र विचारपूर्वक ठरवावे लागते.

अहवालाच्या साधनात रूपांतर करणे सर्वांत सोपे आहे, कारण त्यासाठी डेटाबेस सांभाळणाऱ्यांकडे जावे लागत नाही. पण सर्वाधिक चुकाही इथेच होतात. पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या अहवाल-साधनात ‘टुडे’ हे फंक्शन डेस्कटॉपवर आपल्या संगणकाची तारीख देते आणि क्लाउडवर प्रकाशित केल्यावर यूटीसीची. त्यामुळे तयार करताना अचूक दिसलेला ‘आजची विक्री’ हा आकडा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात रात्री आठनंतर उद्याचा होतो. त्याच साधनात डेटा तयार करणाऱ्या पॉवर क्वेरीतील ‘स्विचझोन’ या झोन बदलणाऱ्या फंक्शनला ठरावीक तासांचा फरक द्यावा लागतो. तिथे न्यूयॉर्कसाठी उणे पाच लिहून ठेवले, तर हिवाळ्यात सारे ठीक चालते, पण जुलैमध्ये, घड्याळ तासभर पुढे केलेले असताना, मध्यरात्रीनंतर साडेबाराची नोंद आदल्या दिवशीच्या रात्री साडेअकराची होते. घड्याळ कधीच न बदलणारा एकच प्रदेश आणि एखाददुसरा अहवाल एवढाच व्याप असेल, तरच हा मार्ग घ्यावा.

डेटाबेसमधील रूपांतर याहून भरवशाचे आहे, कारण तिथे तासांचा आकडा न देता झोनचे नाव देता येते आणि डेलाइट सेव्हिंगचे (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याचे) नियम त्या नावासोबतच येतात. हे रूपांतर एका व्ह्यूमध्ये (डेटाबेसमध्ये साठवलेल्या क्वेरीत) लिहिले, की सर्व अहवाल तेच वापरतात. मात्र मूळ आणि इच्छित, दोन्ही झोन स्पष्ट लिहावेत. स्नोफ्लेक या क्लाउडवरील डेटाबेसमध्ये सेशनचा (चालू जोडणीचा) झोन बदलला नसेल, तर तो लॉस एंजेलिसचा असतो. शिवाय रूपांतरित स्तंभावर फिल्टर लावल्यास इंडेक्सचा किंवा पार्टिशनचा (शोध जलद करणाऱ्या रचनांचा) लाभ अनेकदा मिळत नाही, म्हणून दिवसाची सुरुवात आणि शेवट यूटीसीमध्ये काढून मूळ स्तंभावरच फिल्टर लावावा.

रोजच्या, महिन्याच्या आणि तिमाहीच्या आकड्यांसाठी मी तिसरा मार्ग निवडेन: डेटा भरतानाच मूळ यूटीसी वेळेशेजारी स्थानिक तारखेचा वेगळा स्तंभ ठेवावा. कॅलेंडर टेबलशी (तारखांच्या तक्त्याशी) तो थेट जोडता येतो आणि विक्रीची तारीख कोणती, याचा निर्णय एकाच ठिकाणी होतो. मूळ वेळ मात्र कधीही पुसू नये. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी न्यूयॉर्कमध्ये घड्याळ तासभर मागे घेतल्यामुळे रात्रीचे दीड दोनदा वाजतात, आणि केवळ स्थानिक वेळ साठवली असेल, तर त्यातला कोणता दीड, हे नंतर सांगता येत नाही. या मार्गाची किंमत म्हणजे नियम बदलल्यावर करावी लागणारी फेरगणना: मेक्सिकोच्या बहुतांश भागाने २०२२ मध्ये डेलाइट सेव्हिंग बंद केले, तेव्हा पुढच्या तारखांच्या आधीच रूपांतरित केलेल्या नोंदी पुन्हा तपासणे भाग होते.

प्रत्येक वाचकाला त्याच्या स्वतःच्या टाइम झोनप्रमाणे दिवस दाखवायचा असेल, तर साठवलेली एकच तारीख पुरत नाही आणि डेटाबेसमधील रूपांतराकडेच वळावे लागते. वेगासाठी आधीच बेरजा करून ठेवणार असाल, तर त्या तासाच्या न ठेवता पंधरा मिनिटांच्या ठेवाव्यात; काठमांडू यूटीसीच्या पाच तास पंचेचाळीस मिनिटे पुढे आहे, आणि यूटीसीच्या तासांच्या बेरजांतून तिथला दिवस अचूक कापता येत नाही.