मानमोडीचा बूस्टर: पाण्यातली लासोटा की तेलातली मृत लस?

मानमोडी म्हणजे कोंबड्यांचा राणीखेत रोग. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या डोळ्यात लासोटा या सौम्य जिवंत लशीचा थेंब, चौथ्याच्या आसपास तिचाच बूस्टर आणि आठ-दहा आठवड्यांना आर-टू-बी ही टोचायची जिवंत लस, इथपर्यंत पुणे-शिरूर पट्ट्यातल्या लेअरवाल्यांत (अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांत) फारसा वाद नाही. वाद सुरू होतो तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या) 16 आठवड्यांच्या झाल्या की. पुढे वर्षभर दर दोन महिन्यांनी पाण्यातून लासोटा देत राहायची, की अंड्यावर येण्याआधी मृत लस (मारलेल्या विषाणूची, तेलातली) एकदाच टोचून मोकळं व्हायचं?

जिवंत लशीचं जमेचं आधी सांगतो. तिचा सौम्य विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरात वाढतो आणि तिथंच प्रतिकार उभा करतो; मानमोडीही बहुधा त्याच वाटेनं आत शिरते. गुण आठवड्याभरात दिसू लागतो, खर्च कमी, कोंबडी धरावी लागत नाही. शेजारच्या शेडमध्ये साथ आलीच, तर धावून जायला हीच. मृत लशीला पुरता जोर धरायला तीन-चार आठवडे लागतात.

आमचं गाडं अडलं ते पाण्यावर. बोअर आटली की टँकर येतो, त्यात ब्लीचिंग किती टाकलंय कुणालाच ठाऊक नसतं, आणि थोड्याशा क्लोरीननंही लस मरते. म्हणून दोन दिवस आधीपासून ब्लीचिंग आणि ॲसिडिफायर (पाणी आम्लधर्मी करणारं औषध) बंद. टाकी साध्या पाण्यानं धुवायची. पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर घालून अर्धा तास थांबायचं, मग लस. उन्हाळ्यात पक्षी तासभर तहानलेले पुरेत, थंडीत दोन तास. निपल लाइन (चोचीनं दाबून पाणी प्यायची नळी) असेल तर शेवटच्या निपलमधून दुधट पाणी येईपर्यंत सोडायचं. नाहीतर टोकाच्या पिंजऱ्यांना नुसतं पाणीच मिळतं. सगळं दोन तासांत संपायला हवं.

एवढं करूनही दांडगी कोंबडी पोटभर पिते आणि दबलेली मागेच राहते. एकाच शेडमधल्या रक्ताच्या नमुन्यांत टायटर (प्रतिपिंडांची पातळी) वर-खाली येतं ते यामुळे. शेडमध्ये सीआरडी (कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग) दबा धरून असेल तर चार-पाच दिवसांनी शिंका आणि खुरखुर सुरू होते. अंडी ऐन जोरात असताना हे परवडत नाही. आणि दोन महिन्यांनी पुन्हा हाच खटाटोप.

मृत लशीत प्रत्येक पक्ष्याला मोजून अर्धा मिली मिळते, मानेच्या मधोमध कातडीखाली. 500 मिलीच्या बाटलीत हजार पक्षी होतात. मजुरीची तक्रार सगळे करतात, पण तलंगा लेइंग केजमध्ये हलवताना एकेक हातात येतेच; त्याच वेळी टोचलं तर वेगळी धरपकड कशाला? बिघडतं ते बहुतेक बाटलीपाशी. फ्रीजमधून काढून लगेच वापरली तर तेल घट्ट असतं, सिरिंज डोस कमी ओढते आणि मानेवर गाठी येतात. काही तास आधी बाहेर काढा, अधूनमधून हलवा, सुई दर काहीशे पक्ष्यांनी बदला. बाटली गोठली तर इमल्शन (तेल-पाण्याचं एकजीव मिश्रण) फुटतं; तळाला पाण्याचा थर दिसला की ती फेकायचीच. पुण्यात औंधला असलेल्या सरकारी लसनिर्मिती संस्थेतून आणलेली जिवंत लशीची व्हायल बर्फात खुशाल पुरा, पण मृत लशीची बाटली कागदात गुंडाळूनच बर्फाच्या डब्यात ठेवा.

एक अट मात्र आहे. आधी जिवंत लस नीट झालेली नसेल तर मृत लस अर्धंच काम करते. म्हणून टोचतानाच डोळ्यात लासोटाचा थेंब दिलेला बरा. आजूबाजूला साथीचा जोर असेल तर पुढेही अधूनमधून लासोटा द्यावी लागेल, ते पशुवैद्यकांना विचारून ठरवा. ब्रॉयलर सहा आठवड्यांत बाजारात जातो. तिथं लांब पल्ल्याच्या बूस्टरचा प्रश्नच नाही. अंगणातल्या वीस-पंचवीस गावरान कोंबड्यांना तर डोळ्यातला थेंबच सोयीचा, त्यांच्यासाठी हजार डोसांची बाटली कोण फोडणार? पण तुमचा लेअरचा शेड असेल आणि पाण्याचा भरवसा नसेल, तर माझं माप मृत लशीकडे झुकतं.

टोचणाऱ्याला एक गोष्ट आधीच बजावून ठेवा. सुई स्वतःच्या बोटात गेली तर रक्त फार येत नाही, म्हणून लोक दुर्लक्ष करतात. आत गेलेलं खनिज तेल बोटाचा रक्तपुरवठा तोडू शकतं. काम तिथंच थांबवून लशीच्या बाटलीवरचं लेबल घेऊन थेट दवाखाना गाठायचा आणि डॉक्टरांना तेल गेलंय हे पहिल्यांदा सांगायचं.